सरस, सोने आणि धूळ : कलिलांच्या शोधाची कथा



कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने वेतन, बोनस, कंत्राटी पद्धत यांवर बोलावे अशी रीत आहे. रसायनशास्त्रातल्या ‘कलिल’ नावाच्या प्रकरणाशी त्याचा संबंध काय, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल, आणि तो रास्त आहे. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून वाचले. पण या एका प्रकरणाने आम्हांस असे धरून ठेवले, की त्याची हकिगत चार माणसांपुढे सांगितल्यावाचून राहवेना. कामगारांशी त्याचा संबंध आहे, आणि तो फार जवळचा, म्हणजे छातीच्या आतला आहे. तिथवर क्रमाक्रमाने जाऊ.

आधी कलिल म्हणजे काय ते पाहू. पाण्यात साखर टाकली तर ती विरघळून दिसेनाशी होते. वाळू टाकली तर ती क्षणात तळाशी बसते. या दोहोंच्या मधली एक तिसरी स्थिती आहे. दूध घ्या. त्यात स्निग्धांशाचे थेंब आणि प्रथिनांचे कण पाण्यात पसरलेले असतात. ते साखरेसारखे विरघळत नाहीत आणि वाळूसारखे बसतही नाहीत. शाई, खळ, सरस, रबराचा चीक, रक्त, धुके, धूर ही सारी मंडळी याच बिरादरीतली. यांतील कणांचा आकार साधारणपणे एका मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागापासून हजाराव्या भागापर्यंत असतो. माणसाचा केस या मापाच्या वरच्या टोकाहूनही सत्तरपट जाड भरेल. आपल्या परिभाषाकारांनी या स्थितीला ‘कलिल’ हा संस्कृत शब्द दिला. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो मोहाच्या जोडीने आला आहे. गढूळपणा, गुंतागुंत असा त्याचा भाव. नाव मोठे नेमके पडले आहे.

आकार लहान झाला की वागणूक का बदलते, हे एका हिशेबाने समजते. एक सेंटिमीटर बाजूचा घन ठोकळा घ्या. त्याचे पृष्ठ सहा चौरस सेंटिमीटर. तोच ठोकळा चिरीत चिरीत एका सेंटिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढ्या बाजूचे घन केले, तर त्यांचे एकूण पृष्ठ सहाशे चौरस मीटर भरते. चाळीतल्या दहा बाय बाराच्या पन्नासांहून अधिक खोल्यांची ही जमीन झाली, आणि वजन मात्र मूळचेच! पदार्थाची बहुतेक देवघेव पृष्ठावर चालते. म्हणून कलिलांच्या दुनियेत वजनापेक्षा पृष्ठाला मान अधिक.

हे शास्त्र विद्वानांना कळण्याच्या कितीतरी आधी कारागिरांच्या हाताला कळले होते. आपल्याकडे काजळाची शाई करताना त्यात डिंक घालीत; डिंक न घालता काजळी नुसती पाण्यात कालवली तर ती गोळा होऊन बसते. गढूळ पाण्यात तुरटी फिरवीत, किंवा घागरीच्या आतून निवळीची बी घाशीत, आणि पाणी नितळ होई. गिरणीच्या सायझिंग खात्यात ताण्याला खळ चढविणारा कामगार खळ किती शिजली म्हणजे धागा तुटत नाही, हे बोटांनी ओळखी. युरोपात काचकारागीर काचेत अत्यल्प सोने मिसळून माणकासारखी तांबडी काच करीत. ब्रिटिश म्युझियममध्ये चौथ्या शतकातील एक रोमन चषक आहे. बाहेरून उजेड पडला तर तो हिरवा दिसतो, आत दिवा ठेवला तर लाल. त्याच्या काचेत सोन्या-चांदीचे कलिलकण आहेत. अँड्रियास कॅसियस याच्या नावाचे सोन्याचे जांभळे रंगद्रव्य १६८५ साली ग्रंथात आले. या लोकांपाशी ‘का?’ या प्रश्नाचे उत्तर नव्हते, ‘कसे?’ याचे मात्र पक्के होते.

‘का?’ हा प्रश्न सोन्याला विचारणारा माणूसही हाताने काम करून वर आलेला होता. मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा. चौदाव्या वर्षी तो बुकबाइंडरकडे उमेदवार म्हणून लागला आणि बांधावयास आलेली पुस्तके वाचीत शिकला. १८१२ साली एका गिऱ्हाइकाने त्याला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. त्याने टिपणे काढली, ती स्वतः बांधून डेव्हीला पाठविली, आणि १८१३ साली त्याच संस्थेत मदतनीस म्हणून नोकरी मिळविली. या फॅरडेने १८५७ साली सोने आणि प्रकाश यांच्या संबंधावर रॉयल सोसायटीपुढे व्याख्यान दिले. मुंबईत दावरांची पहिली कापडगिरणी सुरू होऊन तेव्हा नुकते एक वर्ष झाले होते.

फॅरडेने सोन्याच्या क्षारावर फॉस्फरसची क्रिया करून माणिकरंगाचे पाणी तयार केले. दिसावयास ते स्वच्छ द्रावण. पण त्यातून भिंगाने एकवटलेला प्रकाश सोडताच प्रकाशाची वाट आतल्या आत उजळून दिसली. शुद्ध द्रावणात असे होत नाही. यावरून त्याने ताडले, की पाण्यात सोनेच आहे, मात्र दृष्टीला न सापडणाऱ्या बारीक कणांच्या रूपाने. त्याच तांबड्या पाण्यात थोडे मीठ टाकले तर ते निळे पडे, आणि पुढे सोने तळाशी जाई. पण आधी थोडे जिलेटिन घातलेले असले तर मिठाची मात्रा चालत नसे. फॅरडेच्या हातच्या त्या पाण्याच्या बाटल्या रॉयल इन्स्टिट्यूशनने जपून ठेवल्या आहेत, आणि त्यांतील लाली अद्याप टिकून आहे.

पुढचा पुरुष टॉमस ग्रॅहम. हा ग्लासगोचा. बापाची इच्छा मुलाने धर्मोपदेशक व्हावे अशी. मुलगा रसायनाच्या नादी लागला आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक, नंतर टांकसाळीचा प्रमुख झाला. १८६१ साली त्याने एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. चर्मपत्रासारख्या कागदाचा पडदा ताणून बसविलेल्या भांड्यात तो मिश्रण ओती आणि ते भांडे पाण्यावर तरंगत ठेवी. मीठ, साखर, युरिया हे पदार्थ पडद्यातून बाहेरच्या पाण्यात जात. सरस, डिंक, अंड्यातील बलक सोडून उरलेला पांढरा भाग हे आतच राहत. सरसाला ग्रीक भाषेत ‘कोल्ला’ म्हणतात. त्यावरून आत राहणाऱ्या पदार्थांना त्याने ‘कोलॉइड’ हे नाव दिले आणि या वेगळे करण्याच्या क्रियेला ‘डायलिसिस’.

हा दुसरा शब्द आज आपल्या घराघरांत पोहोचला आहे, आणि बहुधा दुःखाच्या वाटेने. मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाच्या रक्तातील युरिया पडद्यातून बाहेर काढावा आणि प्रथिने आत ठेवावीत, ही ग्रॅहमचीच युक्ती. १९४३ साली जर्मन फौजांनी व्यापलेल्या हॉलंडमध्ये विलेम कोल्फ या डॉक्टराने मांसाच्या कुलफ्यांना वापरतात तसली सेलोफेनची नळी लाकडी पिंपावर गुंडाळून असे पहिले यंत्र उभे केले. १९४५ साली त्यावर एक रुग्ण वाचला. टांकसाळीच्या प्रमुखाने कागदाच्या पडद्यावर केलेला उद्योग चौऱ्याऐंशी वर्षांनी माणसाच्या प्राणाला आला.

परंतु ग्रॅहमने एक मोठी भिंतही घातली. स्फटिक होणारे पदार्थ आणि सरसासारखे पदार्थ ही दोन निरनिराळी विश्वे आहेत, असे त्याने मांडले. त्यानंतर बराच काळ रसायनशास्त्रज्ञांनी सरसाच्या विश्वाकडे पाठ फिरविली. त्यांना स्वच्छ, टोकदार, नेमक्या तापमानाला वितळणारे स्फटिक हवे होते. चिकट, बुळबुळीत पदार्थ भांड्याच्या तळाशी उरला तर प्रयोग फसला असे समजून तो फेकून देत. विसाव्या शतकाच्या आरंभी रशियातील फॉन वाइमार्न याने या भिंतीला सुरुंग लावला. बेरियम सल्फेट हा एरवी सरळ स्फटिकरूप असणारा पदार्थ. पण द्रावणांची तीव्रता कमीजास्त करून त्याने त्याचे स्फटिकही केले आणि जेलीही केली. अनेक पदार्थांच्या बाबतीत हेच दिसून आले. तात्पर्य, कलिल ही पदार्थाची जात नसून अवस्था आहे. परिस्थिती बदला, अवस्था बदलते. ज्या देशात माणसांनाही जन्माने कप्प्यांत बसविले गेले, त्या देशातल्या श्रोत्यांना या वाक्याचे वजन आम्ही वेगळे समजावून सांगावयास नको.

आता दोन प्रश्न उरतात. हे कण बसत का नाहीत? आणि एकमेकांना चिकटत का नाहीत?

पहिल्याचे उत्तर रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या निरीक्षणापासून सुरू होते. १८२७ साली त्याला सूक्ष्मदर्शकाखाली परागातील बारीक कण पाण्यात सारखे थरथरताना दिसले. निर्जीव दगडाचा चुरा घेतला तरी तेच. १९०५ साली आइन्स्टाइनने हिशेब मांडला, की पाण्याचे रेणू चहूबाजूंनी कणाला ठोसे देतात आणि त्या असमान ठोशांमुळे कण भटकतो. हा हिशेब प्रयोगाने खरा केला पॅरिसच्या झां पेरँने. आपल्या कोकमाच्याच कुळातल्या एका झाडाचा पिवळा चीक, गॅम्बोज, चित्रकार रंग म्हणून वापरीत. पेरँने एक किलो गॅम्बोज घेऊन महिनोन्‌महिने यंत्रात फिरवून एकाच आकाराचे कण निवडले. हाती आले ते काही डेसिग्रॅम. मग हे कण पाण्यात कोणत्या उंचीवर किती राहतात ते तो एक एक करून मोजीत बसला. वर जावे तसे ते विरळ होत, अगदी डोंगरावर हवा विरळ होते त्याच नियमाने. त्यावरून त्याने रेणूंची संख्या काढली. रेणू ही केवळ सोयीची कल्पना आहे, असे म्हणणाऱ्या विल्हेल्म ओस्टवाल्डसारख्या थोर रसायनज्ञानेही यानंतर आपला हेका सोडला. रेणू खरोखर आहेत, याची साक्ष चिकाच्या कणांनी दिली.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर विजेत आहे. पाण्यातील कलिलकणांवर विद्युत्‌भार असतो. सारख्या भाराचे कण एकमेकांना दूर लोटतात, म्हणून गोळा होत नाहीत. त्यात विरुद्ध भाराचे आयन मिसळले की हे लोटणे ढिले पडते आणि कण साखळतात. १८८२ साली जर्मनीतल्या शुल्झेने असे दाखविले, की आयनावर भार जितका जास्त तितका तो थोडक्यात काम करतो. आर्सेनिक सल्फाइडच्या कलिलाला साखळविण्यास साध्या मिठाच्या पन्नास मात्रा लागत असतील, तर मॅग्नेशियमच्या क्षाराची एक मात्राही लागत नाही, आणि अॅल्युमिनियमच्या क्षाराचा एक दशांश मात्रेहूनही कमी भाग पुरतो. १९०० साली केंब्रिजच्या हार्डीने यात कणाच्या विरुद्ध भाराचा आयनच महत्त्वाचा, हे पक्के केले. आमच्या आयांनी माठात तुरटी का फिरविली, मीठ का टाकले नाही, याचा हा खुलासा आहे. मातीच्या कणांवर ऋण भार असतो, आणि तुरटीतल्या अॅल्युमिनियमवर तिप्पट धन भार. शिवाय पाण्यात त्याचा जेलीसारखा साका होतो आणि तो गाळ ओढून खाली नेतो. नदी समुद्राला मिळते तेथे गाळ साचण्यातही खाऱ्या पाण्याचा असाच हात असतो.

या कामात आपल्या देशाचाही वाटा आहे. कलकत्त्याचे ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी यांनी १९२० च्या सुमारास, कणावरचा भार येतो कोठून, याची मीमांसा इंग्लंडच्या विद्वानांपुढे मांडली. पुढे १९४१ साली रशियाच्या डेर्यागिन आणि लांडाऊ यांनी, आणि १९४८ साली हॉलंडच्या फेरवे व ओव्हरबेक यांनी, कणांतील ओढ आणि लोटणे यांचे संपूर्ण गणित रचले. महायुद्धामुळे दोन्ही बाजूंनी स्वतंत्रपणे काम केले आणि उत्तर एकच निघाले. त्या गणितानुसार दुप्पट भाराचा आयन चौसष्टपट आणि तिप्पट भाराचा सातशे एकोणतीसपट प्रभावी ठरतो.

शाईतल्या डिंकाची गोष्टही येथेच पुरी करू. डिंक कणांभोवती कवच धरतो. फॅरडेच्या जिलेटिनचे काम तेच. शांतिस्वरूप भटनागर यांनी १९२१ साली ग्रॅहमच्याच युनिव्हर्सिटी कॉलेजातून डॉक्टरेट घेतली आणि पुढे ते लाहोरला प्राध्यापक झाले. रावळपिंडीच्या तेलकंपनीची तेव्हा एक अडचण होती. विहीर खणताना वापरावयाचा चिखल खाऱ्या पाण्याची गाठ पडली की दगडासारखा घट्ट होई. भटनागरांनी ओळखले, की हे कलिल साखळते आहे. त्यांनी त्यात देशी डिंक घातला आणि चिखल प्रवाही राहिला. कंपनीच्या मालकांनी खूश होऊन दीड लाख रुपये देऊ केले. भटनागरांनी ती रक्कम विद्यापीठातील संशोधनाकडे वळविली. आमचे बोरू घासणारे कारकून डिंकाची ही विद्या कित्येक शतके वापरीत होते; ती प्रयोगशाळेमार्गे तेलाच्या विहिरीत उतरली.

डोळ्यांना न दिसणारे हे कण दिसू लागले ते १९०३ साली. येनाच्या काचकारखान्यात काम केलेल्या झिग्मोंडी याने झीडेनटोफच्या साहाय्याने अतिसूक्ष्मदर्शक तयार केला. त्यात प्रकाश बाजूने सोडतात. कणाचा आकार दिसत नाही, पण त्याने विखुरलेला प्रकाश अंधारात चांदणीसारखा चमकतो आणि चांदण्या मोजता येतात. १९२६ सालच्या डिसेंबरात स्टॉकहोममध्ये झिग्मोंडीला आदल्या वर्षीचे रसायनाचे, स्वीडनच्या स्वेडबर्गला त्या वर्षीचे रसायनाचे आणि पेरँला भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिघेही कलिलांचे उपासक. भांड्याच्या तळाशी उरलेल्या बुळबुळीत पदार्थाचा याहून मोठा सन्मान कोणता?

इतका वेळ आम्ही पाण्यात होतो. आता हवेत येऊ, कारण हवेतही कलिल असते आणि तेथेच आमच्या माणसांचा प्रश्न आहे.

फॅरडेनंतर रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आलेल्या जॉन टिंडल याने बारीक कणांनी प्रकाश विखुरण्याचा कसून अभ्यास केला. म्हणून त्या झोताला टिंडलचेच नाव पडले. जानेवारी १८७० मध्ये त्याने ‘धूळ आणि रोग’ या विषयावर जाहीर व्याख्यान दिले. अंधाऱ्या सभागृहात प्रकाशाचा झोत सोडून त्याने श्रोत्यांना दाखविले, की ज्या हवेला तुम्ही स्वच्छ म्हणता ती धुळीने भरलेली आहे. कापसाच्या बोळ्यातून गाळलेली हवा त्या झोतात काळीशार दिसे. लगेच १८७१ साली त्याने आगीच्या बंबवाल्यांसाठी धूर गाळणारा मुखवटा तयार केला.

दगड, वाळू, ढलाई यांच्या कामातील धुळीचे गणित असे आहे. एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा वाळूचा कण छातीच्या उंचीवरून तीन-चार सेकंदांत जमिनीवर पडतो. तो डोळ्यांना दिसतो, नाकात अडकतो, झाडूने गोळा होतो. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा, म्हणजे कलिलाच्या उंबरठ्यावरचा कण तेच अंतर स्थिर हवेत उतरावयास सुमारे पाच तास घेतो. कारखान्यात हवा स्थिर नसते. म्हणजे तो पाळीभर तरंगतच राहतो आणि श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या शेवटच्या पोकळीत जातो. तेथील पेशी त्याला गिळतात आणि मरतात. त्या जागी वण पडत जातो. हाच सिलिकोसिस. त्यावर गुण देणारे औषध नाही. नुकत्याच फुटलेल्या दगडाचे ताजे पृष्ठ अधिक जहरी असते. मघाशी सांगितलेला पृष्ठाचा हिशेब येथे माणसाच्या विरुद्ध जातो.

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियामध्ये १९३० साली हॉक्स नेस्ट येथे डोंगरातून बोगदा खणावयास घेतला. खडकात सिलिका भरपूर, छिद्रे कोरडीच पाडलेली, आणि मजूर बहुसंख्य काळे. मार्टिन चर्नियाक या डॉक्टराने १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या बोगद्याने घेतलेल्या बळींचा अंदाज ७६४ असा दिला आहे.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिस आणि कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस यांची नावे कळवावयाच्या रोगांच्या यादीत घातली. नावे यादीत आली, तरी रोगी यादीत येणे कठीणच राहिले. सिलिकोसिसचा खोकला क्षयासारखा, एक्सरेही पुष्कळदा क्षयाचा म्हणून वाचला जातो. क्षय हा माणसाच्या नशिबाचा. सिलिकोसिस कारखान्याच्या हिशेबाचा. या एका शब्दाच्या फरकाने विधवेला भरपाई मिळते किंवा मिळत नाही.

एका ढलाई कारखान्याच्या फेटलिंग खात्यात आम्हांला हा अनुभव पुरेपूर आला. तपासणीच्या आदल्या दिवशी जमीन झाडली जाई, पाणी मारले जाई. साहेब येत, बोट फिरवून पाहत, समाधानाने जात. पडलेली धूळ ही निरुपद्रवी धूळ. मारणारी धूळ पडलेलीच नव्हती. मग आमच्या सभासदांनी टिंडलचा प्रयोग केला. तिसऱ्या पाळीत खात्यातले दिवे घटकाभर बंद केले आणि ग्राइंडिंग यंत्रापाशी एक जोरदार बॅटरी लावून दिव्याच्या समोरच्या बाजूला, दिवा हाताने झाकून, उभे राहिले. झोतात धुराचा खांब उभा राहावा तशी धूळ दिसली. तोंडाला पंचा बांधून काम करणारा एक जुना कामगार बराच वेळ त्या झोताकडे पाहत राहिला, आणि ‘एवढं सगळं आत गेलं म्हणायचं,’ इतकेच बोलला. त्या रात्रीनंतर खात्यात धूळ आहे की नाही, यावर वाद झाला नाही. किती आहे आणि ती ओढून घेणारे पंखे कधी बसणार, एवढाच राहिला. ते बसावयास दोन वर्षे लागली.

ब्रिटनमध्ये कामगारांच्या आरोग्याचे काम पाहणारे सरकारी खाते ‘डस्ट लॅम्प’ म्हणून हाच दिवा वापरण्याची पद्धत सांगते. धूळ पकडण्याची विद्याही जुनी आहे. कॅलिफोर्नियाच्या फ्रेडरिक कॉट्रेलने १९०८ च्या सुमारास धुरातील कणांना विद्युत्‌भार देऊन ते पट्ट्यांवर ओढून घेण्याचे यंत्र काढले, आणि १९१२ साली आपले पेटंटहक्क संशोधनासाठी स्थापलेल्या संस्थेला देऊन टाकले. तेव्हा शास्त्र कमी पडले, असे कोणी म्हणू नये. शास्त्र शंभर वर्षे दारात उभे आहे. त्याला आत घेण्याचा खर्च कोणी करावयाचा, एवढाच वाद आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक धुळीच्या खात्यात झोताचा दिवा असावा, धुळीचे माप कामगारांच्या प्रतिनिधींसमोर घ्यावे, आणि तो आकडा मजुरीच्या दरासारखा फलकावर लावावा. जे डोळ्यांना दिसत नाही त्याची मोजदाद मागण्याचा अधिकार, ज्याच्या छातीत ते जाते त्याचा पहिला.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्याच्या पाच वर्षे आधी लंडनच्या तशाच एका सभागृहात टिंडलने धूळ दाखविली होती. आणि त्याही आधी त्याच सभागृहात तिकिटावर येऊन बसलेल्या एका बुकबाइंडराच्या उमेदवाराने सोन्याचे पाणी ओळखण्याइतकी विद्या मिळविली होती. जाहीर व्याख्यानाचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांना आम्ही ही दोन उदाहरणे देतो. आज या मांडवात एखाद्या खात्यातला उमेदवार मागच्या रांगेत बसला असेल, तर त्याने हा झोताचा दिवा लक्षात ठेवून जावे, आणि उद्याच्या पाळीला आपल्या यंत्रापाशी तो लावून पाहावा.